छायाचित्रणाचा छंद कसा जोपासावा : सातारा-सांगलीकरांसाठी काही पायऱ्या

हिवाळ्याच्या सकाळी कोवळे ऊन नुकतेच घाटावर पोहोचलेले असताना संगम माहुलीला गेले, तर पायऱ्यांच्या दगडावरचे पाथरवटाच्या छिन्नीचे घाव एकेक करून दिसतात, कारण तिरपा प्रकाश प्रत्येक घावाच्या एका कडेवर उजेड टाकतो आणि दुसऱ्या कडेला सावली धरतो. अकरा वाजता तोच दगड सपाट आणि राखी दिसतो. कृष्णा-वेण्णेच्या या संगमावर मी लहानपणापासून जात आले आहे, तरी हे घाव मला पहिल्यांदा दिसले ते हातात कॅमेरा आल्यावर. या छंदाचे खरे आकर्षण मला इथेच वाटते. रोज डोळ्यांखालून जाणारे गाव तो पुन्हा पाहायला लावतो, आणि त्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

पहिली पायरी : हातात असेल त्या साधनाने सुरुवात करा

निदान तीन महिने नवा कॅमेरा विकत घेऊ नये. मोबाइलवर तेवढ्या काळात शिकण्यासारखे पुष्कळ असते. लेन्स मऊ कापडाने पुसून घ्यावी, पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी सुरू करावी म्हणजे क्षितिज तिरपे येत नाही, आणि ज्या वस्तूचा फोटो घ्यायचा तिच्यावर बोट टेकवून उजेड कमी-जास्त करण्याची सवय लावावी. बोटांनी चिमटा काढून चित्र मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जाणे केव्हाही चांगले.

दुसरी पायरी : एकच जागा निवडा आणि तिथे पुन्हा पुन्हा जा

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे एका दिवसात दहा ठिकाणे पालथी घालणे. त्याऐवजी घराजवळची एक जागा ठरवावी आणि पहाटे, भर दुपारी, सूर्य मावळताना आणि पाऊस पडून गेल्यावर अशा किमान चार वेळा तिथे जावे. सातारकरांना 'चार भिंती' या हुतात्मा स्मारकावरून दिसणारे शहर आहे. सांगलीकरांना कृष्णेचा काठ आहे, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम आहे आणि १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल आहे, ज्याच्या कमानी वारा पडलेला असताना पाण्यात उलट्या उमटतात आणि वारा सुटला की क्षणात मोडतात. वाईजवळ राहणाऱ्यांनी मेणवलीचा घाट निवडावा. तिथे वसईच्या मोहिमेनंतर आलेली मोठी घंटा आहे, आणि अंधाऱ्या जागेतल्या काळपट धातूवर बाहेरचा उजेड कसा सरकतो हे शिकायला तिच्यासारखा विषय नाही. प्रत्येक वेळी छोट्या वहीत तारीख, वेळ, आभाळ कसे होते आणि सूर्य कोणत्या बाजूला होता, एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. महिन्याभराने ही वही फोटोंइतकीच उपयोगी पडते.

तिसरी पायरी : उजेडाचे तीन नळ ओळखा

कॅमेऱ्यात येणारा उजेड तीन गोष्टींनी ठरतो, आणि हा भाग घाई न करता समजून घ्यावा, कारण पुढचे सारे यावर उभे आहे. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचे छिद्र. त्याचा आकडा लहान असेल तर छिद्र मोठे, उजेड जास्त आणि मागचा भाग धूसर, तर आकडा मोठा असेल तर छिद्र लहान आणि जवळचे-दूरचे बरेचसे स्पष्ट. शटर स्पीड म्हणजे उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा. सेकंदाच्या १२५व्या भागाऐवजी २५०वा भाग ठेवला, की उजेड बरोबर निम्मा होतो. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा त्याचा आकडा. तो वाढवला तर कमी उजेडातही चित्र उजळ येते, मात्र त्यात दाणे दिसू लागतात.

ठोसेघरच्या धबधब्यावर हे तिन्ही एकाच जागी तपासता येतात. ढगाळ दिवशी ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून आयएसओ १००, अ‍ॅपर्चर १६ आणि शटर अर्धा सेकंद ठेवले, तर पाणी रेशमासारखे पसरते. तेच शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेले आणि छिद्र मोठे करून आयएसओ वाढवला, तर थेंबन् थेंब हवेत थबकलेला दिसतो. यांतले कोणते चित्र खरे, असा वाद घालण्यात अर्थ नाही. त्या पाण्याविषयी आपल्याला काय सांगायचे आहे, ते ठरवून आकडा निवडावा. तुषारांनी लेन्स सारखी ओली होते, म्हणून खिशात दोन कोरडी फडकी असू द्यावीत.

चौथी पायरी : कॅमेऱ्याचा अंदाज सुधारायला शिका

कॅमेरा समोरच्या दृश्याचा उजेड सरासरीने मध्यम राखी धरतो. त्यामुळे कासच्या पठारावर धुके दाटलेले असेल, तर पांढरे धुके फोटोत मळकट येते. अशा वेळी उजेड मुद्दाम एक पायरी वाढवावा लागतो. उलट गर्द हिरव्या गवतात गेंद या रानफुलाची पांढरी बोंडे विखुरलेली असतील, तर कॅमेरा काळोख भरून काढायला जातो आणि फुले जळाल्यासारखी पांढरीफटक होतात. तिथे उजेड थोडा उतरवावा लागतो.

कासविषयी जरा जास्त लिहिते, कारण जवळून पाहण्याची सवय लावायला तशी जागा शोधून सापडणार नाही. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचा समावेश आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत लोक तिथे रंगांचे गालिचे पाहायला जातात आणि बहुतेकांचे फोटो एकसारखे येतात. मी म्हणेन, एका सकाळी गालिचा विसरून पायवाटेच्या कडेलाच बसावे आणि दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती शोधावी. तिच्या पानांवर तांबूस केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट द्रवाचा एकेक मणी. दव उन्हाने उडून जाते, हे मणी मात्र तसेच चमकत राहतात आणि त्यांनाच भुलून आलेले चिलट तिथे अडकून पडते. सूर्य रोपाच्या मागे येईल अशा बेताने बसले, की प्रत्येक मणी आतून पेटल्यासारखा दिसतो. एवढ्या जवळून स्पष्टतेची पट्टी काही मिलिमीटरांचीच राहते, म्हणून अ‍ॅपर्चर ८ ते ११च्या दरम्यान आणि फोकस एखाद्याच मण्यावर ठेवावा. वाऱ्याने रोप हलते, तेव्हा शटर २५०च्या खाली नेऊ नये, आणि सोबत कुणी असेल तर त्याला वाऱ्याच्या बाजूला छत्री धरायला सांगावे. जांभ्या खडकावरचा मातीचा थर तिथे अगदी पातळ आहे. पायवाट सोडून टेकलेला एक गुडघा किंवा ठेवलेली पिशवी कित्येक रोपे चिरडते, म्हणून वाटेवरून मिळणार नाही तो फोटो खुशाल सोडून द्यावा.

पाचवी पायरी : माणसांचे फोटो विचारूनच घ्या

मंडईत किंवा रंगपंचमीला बावधनच्या बगाड यात्रेत फोटो घेण्याचा मोह होतो, आणि तो योग्यच आहे. गर्दीचे दृश्य टिपायला हरकत नाही, पण एखाद्याच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा नेण्यापूर्वी "मावशी, एक फोटो काढू का?" एवढे विचारावे. नाही म्हटले तर नमस्कार करून पुढे जावे. हो म्हटले तर पुढच्या खेपेला त्या फोटोची छापील प्रत नेऊन द्यावी. अशी प्रत एकदा दिली, की तिसऱ्या भेटीत समोरचे माणूस कॅमेरा विसरून आपल्याच कामात रमते, आणि आपल्याला हवे असलेले चित्र तिथेच मिळते.

सहावी पायरी : चित्रे पाहायला जा

औंधच्या टेकडीवर, यमाईच्या वाटेवर, तिथल्या संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उघडलेले संग्रहालय आहे. ते स्वतः चित्रकार होते आणि त्यांच्या संग्रहात राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत. एका चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहून एवढेच शोधावे : उजेड कोणत्या बाजूने आला आहे, गालाच्या कोणत्या भागावर तो संपतो आणि सावलीतही रंग कसा शिल्लक राहतो. दुसऱ्या दिवशी घरच्या कुणाला खिडकीजवळ बसवून तसाच उजेड मिळवून पाहावा. माझ्या मते कोणत्याही शिबिराइतके हे एका फेरीत शिकून होते.

सातवी पायरी : कॅमेरा घेणे आणि सांभाळणे

मोबाइल नेमका कुठे कमी पडतो, हे वहीवरून कळू लागले की मगच खरेदी करावी. पक्षी दूर राहत असतील तर लांब पल्ल्याची लेन्स, घरातल्या मंद उजेडात चेहरे हवे असतील तर ५० मिलिमीटरची, १.८ अ‍ॅपर्चरची लेन्स. ही तुलनेने स्वस्तही मिळते. जुनी लेन्स घेताना तिच्यातून टॉर्चचा उजेड आरपार टाकून बुरशीचे जाळे नाही ना, ते पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी फार लवकर धरते, म्हणून कॅमेरा चामडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्या दमट झाल्या की बदलाव्यात.

फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात. माझ्याकडे एकच हार्ड डिस्क होती. ती बंद पडली आणि आजीच्या शेवटच्या दिवाळीचे सगळे फोटो तिच्यासोबत गेले. त्यांतला एकच उरला, कारण तो छापून भिंतीवर लावला होता. तेव्हापासून वर्षाअखेरीस मी बारा फोटो निवडते, छापून घेते आणि प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने जागा, तारीख, वेळ आणि सोबत कोण होते, ते लिहिते. शाईचा डाग पुढे उमटतो, म्हणून पेन वापरू नये.