जुनी कुणबी साडी जपायची कशी, आणि नवे कपडे शिवायचे ते कशाचे

आधी एक विनंती, घरातल्या जुन्या कुणबी साडीला, म्हणजे गोव्यातल्या कुणबी-गावडा बायकांच्या त्या चौकडीच्या सुती साडीला, कात्री लावू नका. हल्ली ट्रंकेत अशी एखादी साडी सापडली की पहिला विचार येतो हिचा कुर्ता करूया, जॅकेट करूया, आणि भावना चांगलीच असते पण कापल्यावर तिचं पूर्ण माप, चौकडीचा क्रम, पदर कुठे सुरू होतो हे सगळं जातं, मग उद्या तशीच साडी विणून घ्यायची झाली तर विणकराला दाखवणार काय? मी गेली काही वर्षं एकच पद्धत धरून आहे. जुनी साडी जपायची, तिच्यावरून नवीन कापड विणून घ्यायचं, आणि शिवायचं ते त्या नव्या कापडाचं.

आमच्या फोंड्याच्या बाजूला शेजारच्या गावडी घरातल्या आजीने मला तिची साडी दोन दिवस बघायला दिली होती. लाल-पांढऱ्या बारीक चौकड्या, नेसायची आखूड, कारण भातलावणीच्या चिखलात घोळ कोण सांभाळणार, आणि पदराची खांद्यावर गाठ, तिला देठली म्हणतात. ही गाठ वर्षानुवर्षं जिथे पडली तिथलं सूत इतकं मऊ झालंय की डोळे मिटून बोटाने ती जागा सापडते, आणि काठाला चिखलाचा तांबूस डाग, जो मी मुद्दाम काढला नाही. हे सगळं त्या साडीतच लिहिलेलं आहे हो, ते पुसायचं कशाला.

तर सुरुवात नोंदीपासून करा. दिवसाच्या उजेडात पण उन्हात नाही, साडी पांढऱ्या चादरीवर पसरा, बाजूला शिवणाची टेप ठेवून वरून सरळ फोटो काढा, पूर्ण साडीचा एक, काठाचा, पदराचा, प्रत्येक फाटक्या जागेचा. मग लांबी आणि पन्हा मोजा. त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे पण सगळ्यात महत्त्वाचं तेच, धागे मोजणे. एक भिंग घ्या, एक इंचाची चौकोनी खिडकी पुठ्ठ्यात कापा, ती कापडावर ठेवून सुईच्या टोकाने उभे धागे मोजा, मग आडवे. चौकडीत लाल किती आणि पांढरे किती हे क्रमाने वहीत लिहा, चौकटीच्या कागदावर रंगवून ठेवलं तर अजून छान. साडी कोणाची, कधी नेसायची, धालोला (बायकांच्या नाच-गाण्याच्या उत्सवाला) की शेतात, हे त्याच पानावर लिहा, नेसणारी बाई असेपर्यंतच तिला विचारता येतं.

आता धुणं. गरज नसेल तर धुऊच नका, नुसती सावलीत वाऱ्यावर टाका. धुवायचीच असेल तर आधी आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दोन मिनिटं दाबून धरा, रंग रुमालाला लागला तर पाण्यात घालू नका. आणि ते मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात ना, त्याने सुती कापडाचा सुटणारा रंग थांबत नाही. रंग सुटत नसेल तर दहाबारा रिठे रात्री भिजवून ते पाणी गाळून घ्या, थंड पाण्यात मिसळा, साडी दहा मिनिटं ठेवा, चोळायची नाही, पिळायची तर अजिबात नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवी वाळवा. कांजी करू नका! ठेवणीतल्या कापडाला पेजेचा अंश राहिला की कसर आणि झुरळं आलीच म्हणून समजा.

ठेवायची कशी यावर मी स्वतः एक साडी घालवून शिकलेय. आईची सुती साडी प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घालून एक पावसाळा कपाटात ठेवली आणि चवथीला काढली तर घडीच्या रेषेवर काळे ठिपके, बुरशी. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, त्यात प्लास्टिक म्हणजे आतला दमट वारा आतच कोंडायचा. जुनं, कांजी नसलेलं, धुतलेलं मलमल घ्या आणि साडी त्यात गुंडाळा. घडीपेक्षा रोल बरा, जागा नसेल तर घडीच घाला पण दर तीनेक महिन्यांनी घडीची जागा बदला. पत्र्याच्या ट्रंकेत थेट ठेवू नका, गंजाचा डाग निघत नाही आणि सूतही तिथे कुजतं, सेफ्टी पिनही काढून टाका. कडुनिंबाची खडखडीत वाळलेली पानं किंवा लवंगा कापडी पुरचुंडीत बाजूला ठेवा, साडीला चिकटून नको. ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडलं की एक दिवस सगळं बाहेर काढून सावलीत हवा द्या.

नवीन कापड घेताना फसायला होतं. बाजारात कुणबी चेक्स म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच यंत्रमागाचं किंवा मिक्स असतं. उभा एक आणि आडवा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळा, सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि बोटाने चुरगळणारी राखाडी राख, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते. हातमागाच्या कापडाच्या दोन्ही कडांना बहुतेक वेळा बारीक टोचल्याची भोकं दिसतात, विणताना पन्हा ताणून धरणाऱ्या पट्टीची ती खूण. हातमागाच्या कापडाला मिळणारं सरकारी हँडलूम मार्कचं लेबल 2006 पासून आहे, तेही बघा.

विणकराकडे जाताना वहीतलं ते पान घेऊन जा. पण एकट्यासाठी एक साडी मागू नका, कारण खरा वेळ जातो ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लावण्यात, हजारो धागे एकेक करून फणीतून ओवायचे असतात, आणि एकदा तो लागला की त्याच्यावर चारपाच साड्यांचं कापड निघतं. म्हणून पाचसहा जणी मिळून ऑर्डर द्या, सुताचे पैसे आधी द्या, आणि घासाघीस करू नका. आडव्या धाग्याचा रंग बदलून त्याच ताण्यावर वेगळं कापड मिळतं हेही त्यांना विचारा. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी विणकरांबरोबर काम करून ही साडी रॅम्पवर नेली म्हणून आज शहरातल्या मुली ती नेसतात, त्यांचं कोलवाळचं मोडा गोवा म्युझियम एकदा बघून या, गोव्यातल्या कपड्यांचा इतिहास एका जागी दिसतो.

कापड घरी आलं की लगेच शिंप्याकडे धावू नका. आधी पाण्यात रात्रभर भिजवून वाळवा, सुती कापड आटतंच. माझा एक कुर्ता न आटवता शिवून घेतला होता, पहिल्याच धुण्यात तो धाकट्या बहिणीला द्यावा लागला.

कटिंग शक्यतो चौकोनी ठेवा, कारण चौकडीचं कापड गोलाईत कापलं की चेक्स जुळत नाहीत आणि चिंध्याही जास्त निघतात. 46 इंच पन्ह्याचं आटवलेलं कापड असेल तर 110 सेंटिमीटरचा तुकडा उभा मधोमध कापा, पुढचा भाग 23 इंच, मागचा 23 इंच. त्यानंतरचा 45 सेंटिमीटरचा तुकडा तसाच अर्धा केला की दोन बाह्या झाल्या. आणखी 15 सेंटिमीटर गळ्याच्या पट्टीला, खिशाला आणि काखेतल्या छोट्या चौकोनी तुकड्यांना, ते तुकडे घातले की हात वर करताना कापड ओढत नाही. म्हणजे 1 मीटर 70 सेंटिमीटरमध्ये पूर्ण कुर्ता, शिवणीत दोन इंच गेले की घेर 44 इंच, 36-38 छातीला मोकळा बसतो. शिंप्याला सांगा आतली माया कापू नको, म्हणजे पुढे उसवून थोडा मोठा करता येतो. कापडाची मूळ किनार बाहीच्या टोकाला घेतली तर तिथे दुमडायलाही लागत नाही.

विकायला शिवत असाल तर लेबलवर कुणबी साडीवरून असं स्पष्ट लिहा, विणकराने हो म्हटलं तर त्याचं नावही. गावडा, कुणबी, वेळीप यांना गोव्यात अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 मध्ये मिळाला, आणि त्यांच्या अंगावरची चौकडी नुसती ट्रायबल प्रिंट म्हणून विकली जाते ते बघून मला खरंच वाईट वाटतं. ती प्रिंट नाहीच, ती विणलेली आहे.

उरलेल्या तुकड्यांची, आणि जी जुनी साडी इतकी विरलीय की हातात घेतली तर फाटते तिचीही, नोंद झाल्यावर वाकळ शिवा. विरलेलं कापड मधल्या थरात, मजबूत तुकडे वरखाली, आणि लांब धावदोरा.

माझा पहिला नवा ताणा विणून आल्यावर त्यातला हातभर तुकडा मी त्या आजीला दाखवायला नेला. तिने तो अंगठ्याने चोळला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली लाल जरा काळपट झालाय, चौकडीही मोठी दिसते. घरी येऊन वही उघडली, परत मोजलं, दोन पांढरे धागे मी जास्त लिहिले होते. पुढच्या ताण्याला दुरुस्त केलेलं पान पाठवलंय, आणि लाल सुताच्या तीन लडी आधी आजीला दाखवून मगच त्यातली एक ठरवणार आहे.