गंजलेला बोल्ट न तोडता काढण्यासाठी
पावसाळ्यानंतर मोटारसायकलच्या सायलेन्सरचे बोल्ट गंजून इतके घट्ट बसतात की जोर लावताच डोके गोल होते किंवा बोल्टच तुटतो. इंजिन थंड असताना आट्यांवर तारेचा ब्रश फिरवून गंज सोडवणारे स्प्रेचे तेल मारावे आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने आठ-दहा हलके, सरळ ठोके द्यावेत. माझ्या अनुभवात खरे काम हे ठोकेच करतात. मग सहा कोनी सॉकेट पूर्ण बसवून बोल्ट आधी किंचित आवळावा, ‘कट्’ असा आवाज आला की उलट फिरवावा आणि अडल्यास मागेपुढे करत काढावा. तेल ब्रेकच्या डिस्कवर मात्र उडू देऊ नये.