नुकतेच आलात? मग दुसऱ्याच्या प्रश्नाला हात घाला

हिशेब लिहिण्याच्या नोकरीतून मी प्रोग्रॅमिंगकडे वळलो, त्याला आता बराच काळ लोटला. दुसरा पेशा सोडून इकडे येणाऱ्या बहुतेकांचा बेत एकच असतो: आधी कोर्स पुरा करू, पाया पक्का करू, मग चारचौघांत तोंड उघडू. हा बेत सोडून द्या. भाषेची जेमतेम तोंडओळख झाली की ऑनलाइन समुदायात जा आणि दुसऱ्यांचे प्रश्न सोडवायला लागा.

कोर्समध्ये प्रश्न निवडणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. खऱ्या माणसाचा प्रश्न तसा नसतो. समजा, कुणी विचारलं, "पायथनमध्ये ०.१ + ०.२ केलं की ०.३ऐवजी ०.३०००००००००००००००४ का येतं?" तुम्हाला वाटतं, सोपं आहे, फ्लोटिंग पॉइंटची (संगणक अपूर्णांक साठवतो त्या पद्धतीची) भानगड. पण तेवढं लिहून विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. मग तुम्ही शोधता तेव्हा कळतं, की दशमान पद्धतीत एकतृतीयांश जसा संपत नाही, तसा द्विमान पद्धतीत एकदशांश संपत नाही, म्हणून संगणक तो कुठेतरी तोडून ठेवतो. तो कसा तोडायचा हे आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ७५४ क्रमांकाच्या मानकात १९८५ पासून ठरलेलं आहे. तेवढ्यात पुढचा प्रश्न येतो: "मग ०.५ + ०.२५ बरोबर कसं येतं?" अर्धा आणि पाव द्विमानात नेमके बसतात, म्हणून. हे तुम्ही स्वतः चालवून बघितलेलं असतं, त्यामुळे पुन्हा विसरत नाही.

इथवर निम्मंच झालं. तुम्ही सुचवता, "पैशांच्या हिशेबाला डेसिमल (पायथनमधला दशमान आकड्यांचा प्रकार) वापरा." खाली एखादं जुनं खोड लिहितं, "पण त्याला ०.१ हा आकडा अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग (मजकूर) म्हणून द्या. नुसता आकडा दिलात तर चूक आधीच आत शिरलेली असते." ही एक ओळ मिळावी म्हणूनच उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं तर लोक पुरावा मागतात, दुरुस्त करतात. कधी सूर तिरकस असतो. त्यातला मुद्दा घ्यायचा, सूर सोडून द्यायचा. मात्र कोड न चालवता उंटावरून शेळ्या हाकू नका, ते लगेच कळतं.

विचारायची वेळ आली की पूर्ण एरर मेसेज मजकूर म्हणूनच चिकटवा. स्क्रीनशॉटमधलं कोड कुणाला कॉपी करून चालवता येत नाही. भाषेची आणि लायब्ररीची (वापरलेल्या तयार कोडच्या संचाची) आवृत्ती सांगा, काय करून पाहिलं तेही लिहा. पासवर्ड आणि गुप्त चाव्या (सीक्रेट की) आधी काढून टाका. आणि तीनशे ओळी टाकू नका. चूक दिसत राहील इतपतच कोड ठेवून बाकीचं छाटत जा. छाटता छाटताच पुष्कळदा चूक सापडते आणि विचारायची गरजच उरत नाही. एक मेख आणखी: तुम्हाला नेमकं काय साधायचं आहे ते सांगा. लोक मनात ठरवलेल्या उपायाबद्दल विचारत बसतात आणि मूळ अडचण सांगतच नाहीत.

स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झालं. तिथला एक नियम नव्या माणसाला हमखास गोंधळात टाकतो. उत्तर पहिल्या दिवसापासून देता येतं, पण दुसऱ्याच्या पोस्टखाली कॉमेंट करायला ५० गुण (चांगल्या पोस्टना मतं मिळून साठणारे) लागतात. म्हणून नवखे आपली शंका उत्तराच्या चौकटीत टाकतात आणि ती उडवली जाते. रागावू नका, नवा प्रश्न म्हणून विचारा. प्रश्न "डुप्लिकेट" म्हणून बंद झाला, तर जोडलेला जुना प्रश्न नीट वाचा. बहुधा उत्तर तिथेच असतं. एआयकडून लिहून घेतलेली उत्तरं तिथे डिसेंबर २०२२ पासून चालत नाहीत, आणि मला ते पटतं. उत्तर तुम्ही लिहिलंच नाही, तर शिकलं कोण?

दुसऱ्याचं कोड वाचायची सवय लावायची असेल तर एक्सरसिझम हे सरावाचं संकेतस्थळ बरं. तिथे अनुभवी लोक तुमचं उत्तर पाहून फुकट सल्ला देतात, पुढे तुम्हीही मेंटर होऊ शकता. गिटहबवर, म्हणजे जिथे प्रकल्पांचं कोड उघड ठेवलेलं असतं तिथे, "गुड फर्स्ट इश्यू" (नवख्यांसाठी सोपं काम) असं लेबल शोधा. ते काम दुसऱ्या कुणी हाती घेतलंय का हे आधी पाहा, प्रकल्पाची काँट्रिब्युटिंग फाइल (हातभार लावायचे नियम) वाचा, मगच पुल रिक्वेस्ट, म्हणजे तुमचा बदल सामावून घ्यायची विनंती, पाठवा. शुद्धलेखनाची एक चूक सुधारून नाव लावायला जाऊ नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (अशा प्रकल्पांना हातभार लावायच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात) बक्षिसाच्या टी-शर्टसाठी अशा फुटकळ पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला, की प्रकल्प स्वतःहून सहभागी झाला तरच त्यातल्या विनंत्या मोजायच्या, असा नियम आयोजकांना महिना चालू असतानाच करावा लागला.

लायब्ररीची उदाहरणं मात्र जरूर तपासा. कागदपत्रांत दिलेलं कोड नव्या आवृत्तीवर चालत नसेल, तर ते चालवून, दुरुस्त करून पाठवा. हे काम जुन्यांना कंटाळवाणं वाटतं, आणि नव्याने वाचणाऱ्यालाच ती खोट आधी दिसते.