लॅपटॉपवर पळतं, सर्व्हरवर लोळतं: डेटाबेसच्या बाबतीत या चुका टाळा

"माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य ऐकू येत नाही असं सॉफ्टवेअरवालं ऑफिस मी अजून बघितलेलं नाही. डेव्हलपरच्या विंडोज लॅपटॉपवर ॲप एकदम मक्खन, टेस्टिंगच्या लिनक्स मशिनवर कधी कनेक्ट होतं कधी नाही, आणि प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर) टाकलं की पहिलं पान उघडायलाच मिनिटभर. मग ग्रुपवर मेसेज येतो, "डीबी डाउन आहे का?" बऱ्याचदा डेटाबेस बिचारा ठणठणीत चालू असतो, आपणच त्याला चुकीच्या दारातून किंवा चुकीच्या पद्धतीने हाक मारत असतो. रोज हेच बघतो म्हणून नेहमी दिसणाऱ्या चुका एकदा लिहून काढल्या. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर या तिघांवरच बोलतोय, बाकीच्यांचं तुम्ही ताडून बघा.

एरर न वाचताच रीस्टार्ट मारणं

"कनेक्ट होत नाही" ही तक्रार झाली, एरर नाही. एरर काय आला ते अक्षरन् अक्षर वाचा, कारण त्यातच गाडी कुठपर्यंत पोचली ते लिहिलेलं असतं. होस्टचं नाव सापडत नाही म्हणाला तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) किंवा स्पेलिंग, पासवर्डकडे बघायचंच नाही. "कनेक्शन रिफ्युज्ड" म्हणजे बेल वाजवली आणि कोणीतरी दार उघडून सांगितलं की इथे ते राहत नाहीत, मशिन सापडलं पण त्या पोर्टवर (मशिनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) कोणी ऐकत नाहीये. "टाइमआउट" म्हणजे बेल वाजवत राहिलो आणि आतून काहीच नाही, तिथे पहिला संशय फायरवॉल किंवा क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपवर (तिथल्या फायरवॉलच्या नियमांवर), कारण ते पॅकेट गपचूप गिळतात. या दोन्हींमधला फरक कळला तरी निम्मा वेळ वाचतो, खरंच.

आणि मायएसक्यूएलचा 1045 किंवा एसक्यूएल सर्व्हरचा 18456 हा लॉगिन नाकारल्याचा एरर दिसला तर उलट खूश व्हा, नेटवर्क, पोर्ट, फायरवॉल सगळं ओलांडून तुम्ही डेटाबेसच्या उंबऱ्यावर आहात, आता फक्त ओळखपाळख बाकी. 18456 ची गंमत अशी की क्लायंटला तो मुद्दाम अर्धवट सांगतो, स्टेट (कारणाचा आकडा) कायम 1 दाखवतो. खरं कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये: स्टेट 5 म्हणजे असा युजरच नाही, 8 म्हणजे पासवर्ड चुकला, 58 म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिनवर ठेवलाय आणि तुम्ही एसक्यूएल लॉगिनने घुसताय. लॉग न बघता दहा वेळा पासवर्ड बदलणारे लोक मी बघितलेत.

तपासायचं एकीकडून, ॲप चालतंय दुसरीकडून

माझ्या मते सगळ्यात महागाची चूक हीच. आपल्या लॅपटॉपवरून डेटाबेसच्या पोर्टला जोडून बघायचं, जोडलं गेलं की म्हणायचं "नेटवर्क ओके आहे". अरे पण ॲप तुमच्या लॅपटॉपवर नाहीये ना! ज्या मशिनवर, ज्या कंटेनरमध्ये (ॲपसाठीच्या स्वतंत्र डब्यात), ज्या युजरने ॲप चालतंय, तिथूनच आणि त्याच युजरने तपासा.

"त्याच युजरने" हे मुद्दाम म्हणतोय. एक केस सांगतो. रेड हॅट घराण्यातला लिनक्स, त्यावर अपाची आणि पीएचपी, डेटाबेस दुसऱ्या मशिनवर. ॲडमिन त्याच सर्व्हरवर टर्मिनल उघडून मायएसक्यूएलला जोडतोय, जोडलं जातंय, टेबलं दिसतायत. ब्राउझरमधून साइट उघडली की "परमिशन डिनाइड". नेटवर्कवाले म्हणतात आमच्याकडे सगळं उघडं आहे, डीबीवाले म्हणतात युजरला हक्क दिलेत, आणि दोघेही खरं बोलतायत. भानगड होती एसईलिनक्सची, म्हणजे लिनक्समधल्या जादाच्या सुरक्षा-नियमांची. तिथे वेबसर्व्हरच्या प्रोसेसला बाहेरच्या डेटाबेसशी बोलायची परवानगी डीफॉल्टने बंद असते, टर्मिनलमधल्या माणसाला ती आडकाठी नसते. एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी नावाचं एक बुलियन (चालू-बंद सेटिंग) ऑन केलं, विषय संपला. यावर लोक काय करतात तर एसईलिनक्सच अख्खं बंद करून टाकतात, ते कृपया करू नका.

लोकलहोस्ट म्हणजे नक्की कोण?

डॉकरमध्ये (कंटेनर चालवायचं टूल) पहिल्यांदा जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा दणका बसतो. लोकलहोस्ट म्हणजे 'हेच मशिन', पण कंटेनरच्या आत ते म्हणजे तो कंटेनर स्वतः, तुमचा लॅपटॉप नाही आणि शेजारचा डेटाबेसवाला कंटेनरही नाही. कंपोझ फाइलमध्ये (कुठले कंटेनर चालवायचे त्याची यादी) सर्व्हिसला जे नाव दिलंय तेच होस्ट म्हणून वापरायचं, आणि पोर्टही आतलाच, म्हणजे बाहेर 5433 वर मॅप केला असला तरी दुसऱ्या कंटेनरमधून पोस्टग्रेसचा नेहमीचा 5432 च. डेटाबेस खुद्द लॅपटॉपवर असेल तर डॉकर डेस्कटॉपमध्ये होस्ट.डॉकर.इंटर्नल हे नाव आहे.

मायएसक्यूएलमध्ये अजून एक खोच. लिनक्सवर होस्ट म्हणून लोकलहोस्ट लिहिलं की तो टीसीपीने (नेटवर्कच्या वाटेने) जातच नाही, सॉकेट फाइलने (त्याच मशिनवरच्या खास फाइलमार्फत) जातो, आणि 127.0.0.1 लिहिलं तर टीसीपीने जातो. म्हणून एकाला 2002 एरर येतो, दुसऱ्याला 2003, आणि दोघं "सेम सेटिंग आहे रे" म्हणून भांडत बसतात. त्यातच मायएसक्यूएलसाठी युजर आणि तो कुठून आला ही जोडी मिळून एक खातं होतं, लोकलहोस्टवरून येणारा ॲप-युजर आणि 10 ने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या नेटवर्कवरून येणारा ॲप-युजर ही दोन वेगळी खाती, पासवर्ड आणि हक्क दोन्ही वेगळे असू शकतात.

नोडवाल्यांसाठी (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे): 17 व्या आवृत्तीपासून लोकलहोस्टचा अर्थ आधी आयपीव्ही6 चा (नव्या पद्धतीचा) पत्ता लागू शकतो, आणि डेटाबेस फक्त आयपीव्ही4 वर ऐकत असेल तर रिफ्युज्ड. नोड अपग्रेड केला आणि डीबी तुटला असं वाटतं. सरळ 127.0.0.1 लिहा.

पोस्टग्रेसचं वेगळंच, तो इन्स्टॉल केल्यावर मुळात फक्त स्वतःच्या मशिनवरचंच ऐकतो. लिसन_ॲड्रेसेस (कुठल्या पत्त्यांवर ऐकायचं ते सेटिंग) बदललं तरी पीजी_एचबीए फाइलमध्ये (कोणाला आत घ्यायचं त्याची यादी) त्या नेटवर्कसाठी ओळ नसेल तर आत घेत नाही. लोक एक करतात आणि दुसरं विसरतात. पहिल्याला पूर्ण रीस्टार्ट लागतो, दुसऱ्याला नुसता रीलोड पुरतो.

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस वापरत असाल तर टीसीपी/आयपी डीफॉल्टने बंद असतं, कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन चालू करायचं. नाव दिलेला इन्स्टन्स (एकाच मशिनवरची एसक्यूएल सर्व्हरची वेगळी प्रत) असेल तर पोर्ट नेहमीचा 1433 असेलच असं नाही, तो विचारायला क्लायंट यूडीपी 1434 वर एसक्यूएल सर्व्हरच्या ब्राउझर सर्व्हिसकडे (वेब ब्राउझर नव्हे) जातो आणि फायरवॉलवाल्याने फक्त टीसीपी उघडलेलं असतं, झालं, एरर 26. माझं मत विचाराल तर पोर्ट फिक्स करा आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (जोडणीचा तपशील असलेल्या ओळीत) तोच लिहा, ब्राउझरच्या नादी लागू नका. आणि ओडीबीसी ड्रायव्हर (ॲप आणि डेटाबेसमधला दुवा) 17 वरून 18 वर गेल्यावर एकदम सर्टिफिकेटचा एरर यायला लागला तर सर्व्हर बिघडलेला नाही, 18 मध्ये एन्क्रिप्शन डीफॉल्टने सुरू झालंय. सर्व्हरवर नीट सर्टिफिकेट बसवणं हा खरा उपाय, "सर्टिफिकेटवर विश्वास ठेव" वाला पर्याय लॅपटॉपपुरताच ठीक.

बारीकसारीक, पण अख्खा दिवस खाणाऱ्या

पासवर्डमध्ये ॲटचं चिन्ह आहे आणि कनेक्शन यूआरएलच्या स्वरूपात लिहिलंय? मग त्या चिन्हाच्या पुढचं सगळं होस्ट समजलं जाऊ शकतं. टक्के-चाळीस असं एन्कोड करा. कंपोझमध्ये डिपेंड्स-ऑन लिहिलं म्हणून डेटाबेस तयार असेल असं नाही, साध्या रूपात तो फक्त कंटेनर सुरू व्हायची वाट बघतो, हेल्थचेकची (डेटाबेस खरंच तयार आहे का बघणारी) अट घाला. पोस्टग्रेसच्या डॉकर इमेजला एन्व्हायर्नमेंटमधून दिलेला पासवर्ड फक्त पहिल्यांदा, रिकाम्या व्हॉल्यूमवर (डेटाच्या साठ्यावर) लागू होतो, नंतर कितीही बदला, जुनाच चालणार.

विंडोजवर बनवलेला मायएसक्यूएलचा प्रोजेक्ट लिनक्सवर नेला आणि "टेबल सापडत नाही" आलं तर टेबलाच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल बघा, विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो.

जावावाल्यांना "इंडिया स्टँडर्ड टाइम ओळखता येत नाही" असा एरर येतो, कारण ड्रायव्हरला ते नाव समजत नाही, आणि आयएसटी म्हटलं तर इस्रायल आणि आयर्लंडवालेही तेच म्हणतात. कनेक्शनमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता असा स्पष्ट लिहा. त्याच नावाने मायएसक्यूएलमध्ये कन्व्हर्ट_टीझेड (वेळ बदलायचं फंक्शन) केलं आणि नल (रिकामं) आलं तर सर्व्हरवर टाइमझोनची टेबलं भरलेली नाहीत.

आणि मराठी! नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर तो फॉन्टचा प्रॉब्लेम नाही, बऱ्याचदा डेटा आत जातानाच मेलेला असतो आणि परत येत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनव्हारचार (युनिकोडवाला) कॉलम घेतला तरी मजकुराच्या अवतरणाआधी एन लावायला विसरलात की हेच होतं. मायएसक्यूएलमध्ये 8.0 च्या आधी डीफॉल्ट लॅटिन1 (युरोपीय अक्षरांचं एन्कोडिंग) होतं, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर नवीन डेटाबेस बनवला की फसतो. त्याचं जुनं यूटीएफ8 तीनच बाइटचं, देवनागरी त्यात बसते पण इमोजी नाही, म्हणून पत्ता सेव्ह होतो आणि कमेंटमध्ये हसरा चेहरा टाकला की एरर. यूटीएफ8एमबी4 घ्या, कॉलमला पण आणि कनेक्शनला पण. प्रश्नचिन्हांऐवजी टोपीवाली विचित्र अक्षरं दिसत असतील तर मात्र आशा आहे, बाइट बहुतेक शाबूत असतात, वाचणारा चुकीच्या एन्कोडिंगने वाचतोय.

कनेक्ट होतं पण सरकत नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून जरा सविस्तर. समजा एका पानावर 300 ऑर्डरी दाखवायच्या आहेत. कोडमध्ये एक क्वेरी ऑर्डरींची, मग लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाची एकेक, म्हणजे 301 क्वेऱ्या. लॅपटॉपवर डेटाबेस शेजारीच, एकेकीला अर्धा मिलिसेकंद, पान क्षणात उघडतं, कोणाच्या डोळ्यात येत नाही. आता ॲप मुंबईत आणि डेटाबेस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, जायला-यायला साधारण 200 मिलिसेकंद. 301 गुणिले 200, मिनिट झालं. आणि वैताग असा की डेटाबेसच्या स्लो लॉगमध्ये (रेंगाळलेल्या क्वेऱ्यांच्या नोंदीत) काहीच दिसत नाही, त्याच्या मते प्रत्येक क्वेरी झटक्यात संपली. त्यात मायएसक्यूएलचा स्लो लॉग डीफॉल्टने बंद, चालू केला तरी मर्यादा 10 सेकंदांची. मग मोठा सर्व्हर घ्या, रॅम वाढवा असले खर्च सुरू होतात, ज्याने एक मिलिसेकंदही कमी होत नाही. एका पानाला किती क्वेऱ्या जातात ते मोजा, जॉइन करा (टेबलं एकाच क्वेरीत जोडा) नाहीतर एकदम मागवा, आणि ॲप व डेटाबेस एकाच रीजनमध्ये ठेवा.

दुसरं, पूलचा, म्हणजे ॲपने उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याचा, हिशोब कोणी करत नाही. जावातल्या हिकारी लायब्ररीचा पूल डीफॉल्टने 10 चा, ॲपच्या 12 प्रती उभ्या केल्या की 120. पोस्टग्रेसची मर्यादा डीफॉल्टने 100, त्यातल्या 3 सुपरयुजरसाठी राखीव. टेस्टिंगला दोनच प्रती असतात म्हणून तिथे कधीच कळत नाही, आणि सेलच्या दिवशी ऑटोस्केलिंगने प्रती वाढवल्या की "टू मेनी क्लायंट्स". मर्यादा 1000 करून सुटायचं नाही, पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते, मेमरी खाते. पूल लहान करा नाहीतर मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा प्रोग्राम) बसवा.

"मॅनेजमेंट स्टुडिओत क्वेरी एका सेकंदात येते, ॲपमधून तीस सेकंद" हा एसक्यूएल सर्व्हरवाल्यांचा सनातन प्रश्न. हे क्वेरी चालवायचं टूल, म्हणजे स्टुडिओ, अरिथअबॉर्ट नावाचं सेटिंग ऑन ठेवतं, डॉटनेटचं कनेक्शन ऑफ, त्यामुळे दोघांना वेगळे प्लॅन (क्वेरी कशी चालवायची त्याच्या योजना) मिळतात, आणि ॲपवाला प्लॅन कुठल्यातरी वेगळ्याच पॅरामीटरसाठी बनलेला असतो. म्हणजे स्टुडिओत तपासून "क्वेरी चांगली आहे" म्हणणं इथे पुन्हा तेच, चुकीच्या जागेवरून तपासणं. तिथे आधी अरिथअबॉर्ट ऑफ करा, मग चालवा, आणि पॅरामीटरही ॲपने दिलेलेच द्या. जावा असेल तर अजून एक बघा: मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर मजकूर डीफॉल्टने युनिकोड म्हणून पाठवतो, कॉलम साधा व्हारचार असेल तर बऱ्याचदा रूपांतर कॉलमचं होतं आणि इंडेक्स (शोधायची सूची) असूनही अख्खा चाळला जातो.

डंप (डेटाची काढलेली प्रत) नवीन सर्व्हरवर रिस्टोअर केला आणि लगेच "नवीन सर्व्हर जुन्यापेक्षा स्लो" म्हणू नका, आधी ॲनालाइझ चालवा, प्लॅन ठरवणाऱ्या प्लॅनरकडे आकडेवारीच नसते. मेमरीच्या सेटिंगही बघा, मायएसक्यूएलचा बफर पूल आणि पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर दोन्ही डीफॉल्टने 128 एमबीचे, 64 जीबीच्या मशिनवरसुद्धा. आणि पोस्टग्रेसची डेटा फोल्डर जशीच्या तशी जुन्या लिनक्सवरून नव्यावर उचलून नेली असेल तर सावध, लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीच्या 2.28 आवृत्तीत मजकुराची क्रमवारी बदलली, त्यामुळे मजकुरावरचे इंडेक्स चुकीचे ठरतात, ओळ टेबलात असते पण शोधून सापडत नाही. तिथे रीइंडेक्सला पर्याय नाही.

रात्री कोणी वापरत नाही आणि सकाळची पहिली रिक्वेस्ट पडते, दुसऱ्यांदा ठीक, असं होत असेल तर निष्क्रिय कनेक्शन मध्येच कोणीतरी कापतंय. मायएसक्यूएल स्वतः 8 तासांनी सोडतो, पण क्लाउडमधले नॅट आणि लोड बॅलन्सर (कनेक्शन पुढे धाडणारे मधले थांबे) त्याच्या कितीतरी आधी, एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे 350 सेकंदांत, आणि लिनक्सची कीप-अलाइव्ह (कनेक्शन जिवंत ठेवणारी खूण) सुरू व्हायची मुदत डीफॉल्टने 7200 सेकंद. पूलमधल्या कनेक्शनचं आयुष्य त्या सगळ्यांपेक्षा कमी ठेवा.

आणि सगळंच एकदम गोठलं तर रीस्टार्ट करायच्या आधी दोन मिनिटं थांबा, पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (चालू कनेक्शनची यादी) बघा. पुष्कळदा एकच सेशन "आयडल इन ट्रान्झॅक्शन" म्हणून तासभर लॉक धरून बसलेलं असतं, कोणीतरी टूलमध्ये अपडेट मारून, कमिट (बदल पक्का) न करता चहाला गेलेलं असतं. तेवढं एक सेशन मारा, बाकीचे आपोआप हलतात, आणि ते कुठल्या मशिनवरून आलं होतं त्याचा आयपी मारायच्या आधी टिपून ठेवा, नंतर कोणी कबूल करत नाही.