पंप बंद होताना पाइप धडकतो?

आमची बिल्डिंग सात मजली. रोज पहाटे पंप बंद झाला की डक्टमधून धाडकन आवाज! तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना वाटायचं, भिंतीवर कुणी घण घालतंय.

आधी पाइपला तळहात लावून उभे राहा. पंप चालू असताना सतत थरथर आणि आत खडे फिरल्यासारखी खडखड असेल, तर फूटव्हॉल्व्हची (टाकीत बुडालेल्या पाइपच्या टोकाच्या झडपेची) जाळी काढून बघा. आमच्या जाळीत दुधाची पिशवी निघाली होती.

बंद करतानाच एक दणका बसत असेल, तर संशय नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर, म्हणजे वर गेलेलं पाणी परत येऊ न देणाऱ्या झडपेवर घ्या. वर चढणारं पाणी थांबतं, उलटं फिरतं आणि झडप उशिरा आपटते. सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी लोखंडी पाइपात एकदम अडलं, तर दाब साधारण १२ बारनं उसळतो. म्हणजे १२० मीटर उंचीच्या पाण्याइतका!

प्लंबर आधी क्लॅम्प आवळतो. आवाज दबतो, मार सांध्यांवर जातो. त्यापेक्षा स्प्रिंगची झडप बसवा. पाणी उलटायच्या आतच ती मिटते. मग एल्बोजवळ (पाइप वळतो त्या सांध्याजवळ) रबर घालून क्लॅम्प लावा. झडपेवरचा बाण वरच्या दिशेला हवा, आणि खोलण्याआधी उभा पाइप रिकामा करा. मी विसरलो, आंघोळ झाली.