बेरियम टायटनेटचं शिखर सरकत होतं, त्यावरचा उपाय
बेरियम टायटनेट या सिरॅमिकच्या गोळीचा डायलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्रात पदार्थ किती ध्रुवित होतो याचं माप) तापमान बदलत मोजत होतो. तापवताना त्याचं शिखर, म्हणजे सर्वांत मोठी किंमत, १३५ अंशांवर, थंड करताना १०५ वर! शिखर जिथे यायला हवं ते क्युरी तापमान साधारण १२० अंश सेल्सिअस. तिथे स्फटिकाची टेट्रागोनल (एका दिशेनं किंचित ताणलेली) रचना क्युबिक (घनाकार) होते, टायटॅनियमचा आयन सरासरी मधोमध येतो आणि आपोआप असलेलं ध्रुवीकरण जातं. हे संक्रमण पहिल्या कोटीचं (रचना एकदम बदलते), म्हणजे तापवताना आणि थंड करताना थोडा फरक राहणारच. पण ३० अंश म्हणजे अतीच झालं.

गोळीत खोट नव्हती. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) भट्टीच्या भिंतीला टेकलं होतं; तापमान बदलताना भिंत पुढे आणि गोळी मागे. ते गोळीच्या अगदी शेजारी आणलं, तापमान मिनिटाला एका अंशानं बदललं. आता फरक मोजक्या अंशांचा उरलाय. तो खरा हिस्टेरेसिस (जाता-येताना पदार्थातच राहणारा फरक), घालवायच्या मागे लागू नका. आणि हो, गोळीवर इलेक्ट्रोड म्हणून लावलेला चांदीचा लेप नीट भाजलेला नसेल तर शिखर बसकं येतं, तेही तपासा.