मेसेज गेला, पण पोहोचला नाही: नाशिकमधल्या सपोर्ट डेस्कवरून

कॉलेज रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात मी कंपन्यांच्या बल्क एसएमएसचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवायच्या मेसेजचा, सपोर्ट बघते. या कामात नव्याने येणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मॅडम, आमचे मेसेज जातच नाहीत." यावर लगेच उत्तर देऊ नका. आधी विचारा, कुणालाच जात नाहीत, काहींना जात नाहीत, की एकाच माणसाला? निम्मं काम या प्रश्नावर होतं.

एकालाच जात नसेल तर बहुतेक वेळा फोन बंद असतो, रेंज नसते किंवा मेसेज स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडलेला असतो. कुणालाच जात नसेल तर डीएलटीकडे, म्हणजे कंपन्यांच्या मेसेजसाठी असलेल्या नोंदणी-प्रणालीकडे बघा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार कंपनी, तिचं हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि मेसेजचं टेम्प्लेट (मजकुराचा ठरलेला साचा) या तिन्हींची नोंदणी लागते. पाठवलेला मजकूर त्या टेम्प्लेटशी जुळला नाही तर ऑपरेटर तो अडवतो. ८ मार्च २०२१ ला ही तपासणी कडक झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती सात दिवसांसाठी थांबवावी लागली. मेसेजमध्ये लिंक असेल तर तीही आधी नोंदवावी लागते, हा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासूनचा.

खरी कसोटी "काहींना" या उत्तरात आहे.

द्राक्षाच्या हंगामात एका पॅकहाऊसचा, म्हणजे द्राक्षं पॅक करणाऱ्या केंद्राचा, फोन आला. उद्या काढणीची टोळी किती वाजता येणार, हे ते बागायतदारांना आदल्या संध्याकाळी कळवायचे. एका शेतकऱ्याला मेसेजच मिळाला नाही. तो लग्नाला गेला, टोळी बागेच्या फाटकावरून परत आली आणि त्या दिवसाची मजुरी वाया गेली. पॅकहाऊसवाल्यांचं म्हणणं, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. मला ते पटेना, कारण रिपोर्टमध्ये रोज तीच नावं अडकत होती. नेटवर्क असं माणसं निवडून अडवत नाही.

मी अडकलेल्यांची यादी कागदावर काढली आणि पोहोचलेल्यांची शेजारी ठेवली. ओझरचे बहुतेक सगळे पोहोचले होते, पिंपळगाव बसवंतचे बरेच अडकले होते. टॉवरचा संशय आला, पण पिंपळगावच्याच काहींना मेसेज मिळत होता. मग टेम्प्लेट उघडलं. "नमस्कार" च्या पुढे एकच व्हेरिएबल, म्हणजे दर मेसेजला बदलणारा मजकूर भरायची जागा, होतं आणि पॅकहाऊसचा माणूस त्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव सगळं भरत होता. एका व्हेरिएबलची मर्यादा तेव्हा ३० कॅरेक्टर होती.

मराठीत ही मोजणी डोळ्यांना फसवते. "ज्ञानेश्वर" आपल्याला चार अक्षरी वाटतं. मशीन काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त वेगळा मोजतं, म्हणजे १०. "पिंपळगाव बसवंत" मधली जागा धरून १४. दोन्ही एकत्र लिहिले की मधल्या जागेसकट २५, आणि वडिलांचं नाव व आडनाव आलं की ३० कधीच ओलांडले. "ओझर" मात्र तीनच. म्हणून ओझरकर सुटत होते.

मराठी मेसेजच्या लांबीचंही असंच. इंग्रजीत एका मेसेजला १६० कॅरेक्टर मिळतात, देवनागरीत ७०. त्यापुढे गेलात तर मेसेजचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च बसतात. ग्राहकाला हे बिल आल्यावर कळू देऊ नका, आधीच सांगा.

दोन गोष्टी मी आता सवयीने बघते. पहिली, रिपोर्टमध्ये "सबमिटेड" आहे की "डिलिव्हर्ड". सबमिटेडचा अर्थ मेसेज पुढे सोपवला, एवढाच. दुसरी, मेसेजचा प्रकार. सेवेचा मेसेज प्रमोशनलमध्ये, म्हणजे जाहिरातीत, नोंदवला असेल तर डीएनडी नंबरांवर (ज्यांनी जाहिराती नकोत असं नोंदवलंय त्यांच्या) तो जात नाही, आणि रात्री ९ नंतर तर कुणालाच जात नाही. आमच्या पॅकहाऊसचा प्रकार बरोबर होता, तरी तपासायला पाच मिनिटं लागतात, ती द्या.

नाव आणि गाव वेगळ्या व्हेरिएबलमध्ये टाकून, वडिलांचं नाव काढून आम्ही नवं टेम्प्लेट मंजुरीला पाठवलं. तोवर काढणी थांबणार नव्हती. म्हणून रोज संध्याकाळी कोणाकोणाचा मजकूर ३० च्या वर जातो ती यादी मी काढून द्यायचे आणि पॅकहाऊसचा सुपरवायझर त्या प्रत्येकाला स्वतः फोन लावायचा.